संदीपदादाचं बोलणारं दार

...आणि वर मलाच म्हणत्यात, शिदू, तुला काही रीतभात हाय का? आता तुमाला सांगतो, रीत मी मोडली का दारानं? सुतकाच्या घरातनं निघताना माणूस 'येतो' म्हणत न्हाई, घरचं 'या' म्हणत न्हाई, मान खाली घालून चालतं व्हायचं, हे मला ठाऊक हाय, दाराला कोण सांगणार? दार म्हणतं, "पुन्हा या हं, पाव्हणं." आणि म्हणतं कुणाच्या आवाजात, तर जो गेला त्याच्याच. माज्या दादाच्या. शेजारची बायडामावशी ओट्यावरच मटकन बसली, तिला कांदा हुंगवायला लागला... समदी म्हणत्यात काढून टाक, पण दार काय निघायचं न्हाई.

दादा म्हंजे संदीप. लोणावळ्याला एका हाटेलात वायरमनच्या हाताखाली होता. लहानपणी आमी दोघांनी दुसऱ्याच्या टीव्हीवर अंतराळयानाचा पिक्चर बघितलेला. कोणी समोर आलं की यानाचं दार सुईं करून सरकायचं आणि बोलायचं, "या, कॅप्टन." सगळी वाडी हसली, दार कवा बोलतं व्हय? मी बी हसलो, पाचवीत शाळा सोडलेला माणूस मी. दादा हसला न्हाई. मोठेपणी हाटेलात गेला, तर तितं काचेचं दार आपोआप सरकतंय. तवापास्नं त्याचं एकच, "शिद्या, आधी कोणीतरी गोष्टीत खोटं दावतं, मग कोणीतरी येडा ते खरं करून ठेवतो. त्या पिक्चरातला हिरो मनगटात बोलायचा, आता कार्ला गावच्या टपरीवर बघ, चहावाला घड्याळात बोलतोय. मग आपल्या आईचं दार का सरकू नये?"

आईच्या डोक्यावर हंडा, काखेत कळशी, दार लोटायला हात कुटला? एवढंच होतं हो त्याच्या डोक्यात. भंगारातली मोटार आणली, पत्र्याचं दार चाकावर बसवलं, आवाज स्वतःचा भरला. आत जाताना "या, बसा", भाइर पडताना "पुन्हा या हं, पाव्हणं". चार दिवस दार चाललं, पाचव्या दिवशी हायवेला टेम्पोनं त्याला...

जाऊ द्या.

तर सुतकाच्या नवव्या दिवशी आमचा चुलता, बाजीरावआबा, पहार घेऊन हजर. "उद्या दहाव्याला सगळी भावकी येणार, आणि मेलेला माणूस पाव्हण्यांना पुन्हा या म्हणणार? थट्टा हाय व्हय? काढ ते दार." मी म्हणलं, दार काय निघायचं न्हाई. आणि पडलो की दारात आडवा. आता मी आडवा म्हणल्यावर दार मिटंना, माझ्या बरगडीला लागलं की माघारी सरकतंय आणि आपलं सुरूच, "या, बसा. या, बसा." आबा पहार उगारून उभा आणि दार त्याला बसा म्हणतंय. शेवटी आबा वैतागून दारावरच खेकसला, "गप की रं संद्या, मी ह्याच्याशी बोलतोय ना?"

आणि तेवढ्यात आई आली, कळशी घेऊन. सकाळपास्नं सहावी कळशी. माठ भरलेला, पिंप भरलेलं, पातेली भरलेली, घरात पाणी ठेवायला वाटी शिल्लक न्हाई. मी उठून बाजूला झालो. दार सरकलं, "या, बसा." आई हळूच म्हणाली, "व्हय बाबा, बसते." कळशी मोरीत ओतून दिली आणि रिकामी घेऊन पुन्हा निघाली.

तिच्यामागनं आत आलेल्या आबानं ते बघितलं. मी बघितलं की आबानं बघितलं. त्यानं पहार खांद्यावर टाकली, भाइर पाऊल ठेवलं, मागनं दार म्हणालं, "पुन्हा या हं, पाव्हणं." आणि तुमाला सांगतो, भावकीला रीत शिकवणारा हा माणूस, भर सुतकात, मागं न बघता म्हणाला, "येतो रं."

तवापास्नं रोज येतोय. दार काढायला आलोय म्हणतो, चार येळा आत-भाइर करतो, चहा पितो, जातो. पहार तेवढी रोज घरी इसरतो.