मॅडमचं घरचं वाक्य

मंडळी, मंदा मॅडमच्या शोकसभेला जठारपेठेतल्या या छोट्या हॉलमध्ये एवढी माणसं जमलीत, आणि प्रत्येकाला त्यांच्याबद्दल काही ना काही सांगायचंय. बोलायला मात्र मला उभं केलं. मी गणिताचा मास्तर. फळ्याकडे तोंड करून बोलायची सवय. तुमच्याकडे पाहून बोलणं आज जड जातंय.

आमचे क्लास शेजारी शेजारी. मध्ये प्लायवूडची भिंत. त्यामुळे त्यांचं इंग्रजी मी रोज फुकटात ऐकलं.

पुढे कदाचित काय करावं लागेल, हे इंग्रजीत कसं सांगायचं, तो धडा आला की मॅडम पुस्तक मिटायच्या. म्हणायच्या, 'मे हॅव टू' घ्या, 'माइट हॅव टू' घ्या, पण वाक्य घरचं पाहिजे. मी एकदा चिडवलं, मॅडम, इंग्रजी शिकवता की लोकांच्या घरात डोकावता? त्या म्हणाल्या, "सर, घरी मराठीत जे तोंडातून निघत नाही, ते इथं इंग्रजीत निघते. सराव म्हणून निघते."

आणि खरंच निघायचं. दर्यापूरची एक मुलगी उठून म्हणाली, 'आय मे हॅव टू लीव्ह द क्लास.' आईचं ऑपरेशन ठरत होतं, पोरीला वाटलं, आता घर आपल्यालाच पाहावं लागेल. मॅडम रविवारी जीपमध्ये बसून तिच्या घरी गेल्या. बाप म्हणाला, "आमाले पोरीनं काई सांगतलं नाही, अन् तुमाले इंग्रजीत सांगतलं?" त्यानं घर पाहायला पोरीच्या मावशीला बोलावून घेतलं. पोरगी क्लासला येत राहिली.

मग यंदाचा पावसाळा. अमरावतीच्या डॉक्टरांकडे मॅडम एकट्याच जाऊन आल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात घरचं वाक्य त्यांनी स्वतःच दिलं. 'यू मे हॅव टू स्टडी विदाउट मी.' मुलांनी नेहमीसारखं सुरात म्हटलं. मग मागच्या बाकाचा सूर तुटला. मग सगळ्यांचाच. मॅडमनी विचारलं, "मराठीत कोण सांगते?"  भिंतीच्या अलीकडे मी खडू खाली ठेवला.

नंतर मी विचारलं, मॅडम, लेकरायले असं सांगतात काय? काहून सांगतलं?

त्या म्हणाल्या, "सर, घरी आमच्या यायले अजून सांगता आलं नाही. म्हणून आधी इथं म्हणून पाहिलं."

मॅडमचे 'हे' म्हणजे अशोकभाऊ, तुम्ही समोर बसला आहात. तुम्हाला विचारूनच हे बोलतोय. त्याच संध्याकाळी त्यांनी तुम्हाला सांगितलं. साध्या आपल्या बोलीत सांगितलं. "पुढं तुमाले एकट्यानं राहावं लागन, कदाचित." तुम्ही जवळ जाऊन बसलात. मग रोज बोलत राहिलात दोघं. वरणाला फोडणी कशी घालायची इथपासून ते जे कधीच बोलला नव्हता तिथपर्यंत. बोलायचं काही राहिलं नाही, असं तुम्हीच काल मला म्हणालात. किती जणांच्या वाट्याला येतं हे?

मंडळी, मॅडमच्या क्लासची मुलं मागे उभी आहेत. त्यांना वाटतं, ते वाक्य त्यांच्यासाठीच होतं. बाळांनो, मॅडमला ते घरी सांगायचं होतं, आणि सांगायचं बळ त्यांना तुमच्याकडून मिळालं. हे तुम्हाला आज कळतंय.

आता सगळे उभे राहू. थोडा वेळ कोणी काही बोलू नका.