मामाचा गाल

१९७१ साली अंधेरीच्या एका दवाखान्यात माझ्या बाजूला मरोळचा युस्टेस आणि त्याची थोरली बहीण कॉन्सेप्टा बसली होती. त्याचं डावीकडचं तोंड लुळं पडलेलं, मांडीवर कॉर्नेटची, म्हणजे फुंकून वाजवायच्या पितळी वाद्याची, पेटी.

"डॉक्टरनं गाल फुगव म्हटलं, तर मी नुसता उजवा फुगवतो. त्याला काय कळतंय?" युस्टेस बहिणीला म्हणाला.

"तो उजवा बोटानं दाबून धरतो रे. आता बाहेर आली त्या बाईला तसंच केलं म्हणे."

"बाय, तुझ्या रोझमेरीच्या लग्नाला तीनच आठवडे आहेत. मामा नाय वाजवणार, तर कोण?"

"आधी आत जा."

वीस मिनिटांनी तो बाहेर आला.

"काय झालं?"

"कपाळ उचल, डोळे मीट, शीळ घाल. काय जमलं नाय. मग गालाला वीज लावली. ओठ हलला, बाय!"

"म्हणजे नस जिवंत आहे."

"आहे. पण फुंकायचं दोन महिन्यांनी."

"मग ढोल वाजव. ढोलाला गाल लागत नाय."

"मी कॉर्नेटवाला! बँडमास्तर हसेल."

"हसू दे. तुला अर्धंच हसता येतंय, बाकीचं तो हसेल."

थोड्या वेळानं पेटीवर त्याची बोटं ढोलासारखी वाजू लागली.

"ताल चुकतोय, युस्टेस."

"तीन आठवडे आहेत, बाय."