कालचा यमन

शिवाजी पेठेतल्या वाचनालयात पुस्तक बदलायच्या रांगेत माझ्यापुढं एक मास्तर आणि त्यांची बायको उभी होती.

"तिसऱ्यांदा मुदत वाढवून घेताय याच पुस्तकाची!"

"वाचतोय की, कालिंदी. रोज संध्याकाळी वाचतोय."

"माझा रियाज चालू असताना."

"मग? डोळ्यांनी वाचतो, कानांनी ऐकतो. दोन्ही जमतं मला."

"जमतं? सोमवारपासून रोज सकाळी त्यातली खूण मी दहा पानं मागं सरकवतेय. तीच दहा पानं पाच वेळा वाचलीत तुम्ही!"

"तरीच! मला वाटलं, लेखकच फार घोळवतोय."

"बरं, काल यमन कसा झाला?"

"झकास! तानपुरा काय जुळला होता! मी मान डोलवत होतो, बघितलं नाहीस?"

"बघितलं की. भोपळ्याला तडा गेला म्हणून तानपुरा मिरजेला दिलाय दुरुस्तीला, आठ दिवस झाले. मी तुमच्यासमोर मुकाट तांदूळ निवडत बसते, आणि तुम्ही पुस्तकात डोकं घालून वाहवा म्हणताय!"

"अगं, मग सांगायचं नाही का?"

"तीनदा सांगितलं. त्यालासुद्धा वाहवा म्हणालात."

तेवढ्यात रांग सरकली. ग्रंथपालांनी खिडकीतून हात पुढं केला.

"काय मास्तर, अजून संपलं नाही?"

"कसं संपणार वो? घरात रोज संध्याकाळी गाणं चालू असतं की!"