नऊ स्पीकरचं वाण

निकेश : पाच स्पीकरवाला रिसिव्हर मले दाखवूच नका, ताराचंदभाऊ. पाचवाला आजकाल पानठेल्यावर बी राह्यते.

सदाशिवराव : पानठेलेवाल्यानं सोताच्या कमाईचा घेतला असन, जावईबापू.

निकेश : हे पाहा मामाजी, अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येते. जावयाले वाण द्याचं तर मनापासून द्या. नाईतर तेहतीस अनारसे वाढा न मोकळे व्हा. मी काही म्हणत नाई.

सदाशिवराव : तुम्ही म्हणतच नाई. मंग हर्षाच्या मायले फोन कोणं केलता? चांदीची वाटी नको, होम थिएटरचा रिसिव्हर पाह्यजे, असं कोण म्हणे? तिनं घेतलेली वाटी सोनाराले वापस केली बिचारीनं.

ताराचंद : काकाजी, तुम्ही इकडं कूलरसमोर बसा. केळझरहून एवढ्या उन्हाचे आले तुम्ही. मी समजावून सांगतो. रिसिव्हर म्हणजे घरातल्या कर्त्या माणसासारखा. टीव्हीचा सगळा आवाज पह्यले याच्यापाशी येते, मंग हा वाटून देते. बोलणं मधातल्या स्पीकरले, गाणं बाजूच्या दोघायले, आन् धमाका खालच्या डब्ब्याले.

सदाशिवराव : आन् हा नऊवाला कोणाकोणाले वाटते?

ताराचंद : त्याच्यात मागचे वाढते, आन् दोन छताले लागते. सिनेमात हेलिकॉप्टर आलं तर बराबर डोक्यावरून गेल्यासारखं वाटते.

सदाशिवराव : यायच्या डोक्यावरून बरंच काही जाते. त्याले मशीन कायले पाह्यजे?

हर्षा : बाबा, जाऊ द्या ना.

निकेश : तू थांब, हर्षा. बोलू दे त्यायले. जन्मभर कापडाच्या दुकानात पातळं मोजले, त्यायले आवाजातलं काय समजते? ताराचंदभाऊ, हे नऊवाले दोन हायेत. याच्यावर वॅट जास्त लिहेल हाय. हाच द्या.

ताराचंद : लिहेल हाय साहेब, पण तुम्ही आपले गिऱ्हाईक, खोटं नाई सांगत. तो आकडा दोनच स्पीकर लावले तवाचा हाय. नऊच्या नऊ लावले का अर्ध्यावर येते. हा दुसरा दिसाले साधा हाय, पण याचा दम शेवटपर्यंत टिकते.

सदाशिवराव : बोलाचा भात न् बोलाची कढी. आमच्या घरानं सोयरीक पाह्यली तवाही असंच झालं. वरचा आकडा पाह्यला.

निकेश : मामाजी, मी ऐकून घेऊन राह्यलो, याचा अर्थ मले तोंड नाई असा नाई.

सदाशिवराव : तोंड तर हाय. त्याच्यापायीच तर मी इथी बसलो.

ताराचंद : साहेब, भांडण मंग करा. पह्यले खोली सांगा. खोलीवर सगळं अवलंबून हाय. कोणत्या खोलीत लावाचं?

निकेश : खालची, रस्त्याच्या बाजूची. बारा बाय पंधरा. तिचं दार वेगळं हाय, मित्र आले तर घरातून जा लागत नाई. एक खिडकी होती, ते बुजवून टाकली.

ताराचंद : वा. आन् खाली फरशी का?

निकेश : फरशीवर रबराची चटई हाय. निळी, जाड.

ताराचंद : ते राहू द्या, आवाज खाते ते. भिंतीवर काय हाय?

निकेश : तीन कोऱ्या. एकीले पूर्ण आरसा हाय.

ताराचंद : आरसा काढा लागन साहेब. काचेवर आवाज आपटते न् फाटते. मंग कोणताही रिसिव्हर घ्या, कामाचा नाई.

निकेश : काढून टाकू. त्यात काय.

सदाशिवराव : थांबा जरा. ते चटई मी नागपूरहून आणली होती, खांद्यावर. आरसा बी मीच लावून देला. हर्षा फिजिओथेरपी शिकली, तिच्या पेशंटायले चालतांना आपले पाय दिसले पाह्यजे म्हणून. त्या खोलीत तर हर्षाचे पेशंट येतात.

निकेश : येत होते.

सदाशिवराव : हर्षा?

निकेश : तिले काय विचारता? मी सांगतो ना. सकाळपासून दारात म्हाताऱ्यायच्या चपला, घरभर तेलाचा वास. कोणी आई गं करते, कोणी बाप्पा रे करते. माझे प्लॉटचे गिऱ्हाईक घरी येते, त्यायले वाटे यायच्या घरी कोणी मेलं का काय. घर हाय का दवाखाना? बंद केलं.

सदाशिवराव : आन् तो टेबल? पेशंटायले झोपवाचा?

निकेश : गच्चीवर हाय, ताडपत्रीखाली. फेकला नाई तुमचा टेबल. थांबा, गिऱ्हाइकाचा फोन आला. ताराचंदभाऊ, बिल साध्याचं बनवा, दमवाल्याचं. मी आलोच.

(निकेश फोन घेऊन बाहेर जातो. ताराचंद बिलबुक आणायला आत जातो.)

सदाशिवराव : कधीपासून बंद हाय?

हर्षा : संक्रांत झाली तवापासून.

सदाशिवराव : मले काऊन नाई सांगतलं?

हर्षा : आईनं सांगू नको म्हटलं. म्हणे अधिक महिन्याचं वाण होऊन जाऊ दे, जावयाचं मन नरम होईन, मंग आपोआप खोली उघडून देतीन.

सदाशिवराव : तुह्या मायले माहीत हाय? मले बाजूले बसून रोज जेवाले वाढते, आन् तिले माहीत हाय?

हर्षा : तिच्यावर चिडू नका. तुम्ही तरी कुठी आले पाहाले? लग्नाले चार वर्सं झाले, बाबा. तुम्ही एक डाव आले, खोली लावून देली, न् दारातूनच वापस गेले. नातू झाल्याबिगर पोरीच्या घरचं पाणी पेऊ नये म्हणून.

सदाशिवराव : आपल्याकडं तसंच असते ना, बाई. माह्या बापानं बी माह्या बहिणीच्या घरचं पाणी नाई पेलं.

हर्षा : मंग आतेच्या घरात काय चाललं ते त्यायलेही नसनच समजलं.

सदाशिवराव : मागच्या महिन्यात माल घ्याले वर्ध्याले आलतो. माहा ऑटो तुह्या दारासमोरून गेला. तुह्या दवाखान्याचा बोर्ड दिसला नाई. मले वाटलं रंगवाले काढला असन. उतरलो असतो तर... नाई उतरलो. उन्हात तहान लागली होती, म्हणून मुद्दाम नाई उतरलो. तू पाणी आणलं असतं न् मले नाई म्हणा लागलं असतं.

हर्षा : पवनारच्या सुमित्राबाई, गुडघ्यावाल्या. त्यायले बंद झालं हे माहीत नोतं. एसटीनं आल्या बिचाऱ्या. यायनं खालूनच सांगतलं, डॉक्टरीण घरी नाई. मी वरतून पाहून राह्यली होती. बुढी भिंतीले हात लावत लावत चौकापर्यंत गेली. मी आवाज नाई देला. मले माह्यीच लाज वाटते, बाबा. रोज वाटते.

सदाशिवराव : मी हा डब्बा घेत नाई. आताच उठू.

हर्षा : घेऊन द्या. नाई घेतला तर घरी गेल्यावर मलेच ऐका लागन.

सदाशिवराव : आन् घेतला तर?

हर्षा : तरी मलेच ऐका लागन. फक्त नऊ बाजूनं.

(निकेश आणि ताराचंद परत येतात.)

निकेश : चला, झालं. काय, बापलेकीचं रडून झालं का? ताराचंदभाऊ, बिल बनलं?

ताराचंद : बनवून राह्यलो साहेब. बिल काकाजीच्या नावानं का तुमच्या?

सदाशिवराव : कोणाच्याच नावानं नको. ताराचंदभाऊ, तुमच्या दुकानाचा टेम्पो सामान पोचवाले जाते ना?

ताराचंद : जाते ना जी. हा पोचवाले तोच जाणार होता.

सदाशिवराव : त्याले असाच रिकामा पाठवा, भाडं मी देतो. यायच्या गच्चीवर एक टेबल हाय, खालच्या खोलीत निळी चटई हाय, भिंतीले एक आरसा हाय. जपून काढून केळझरले, माह्या दुकानात आणून टाका. अर्ध्या दुकानातले गठ्ठे मी आज उचलतो. केळझरच्या लोकायचे बी गुडघे दुखते.

निकेश : डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? अधिक महिन्यात जावयाले दुकानातून रिकाम्या हातानं वापस नेता? लोकायले काय सांगसान?

सदाशिवराव : तेहतीस अनारसे हायेत तुमच्या नावाचे. आमच्या दारात या, पाटावर बसा, हर्षाची माय दिवा लावून वाढन. जावई म्हणजे नारायण, मी मोडत नाई ते. पण नारायणानं लेकीचा दवाखाना गिळला तर मी हात जोडून बसू का? माह्यं चुकलं, मी पाहाले आलो नाई. आता येतो. आताच येतो तुमच्या घरी, पाणी बी पेतो.

निकेश : येऊन पाहा. घर माह्या नावावर हाय. आन् ऐकून घ्या, सामान गेलं तर सामानासोबत पोरगीही घेऊन जा. मंग मले फोन करू नका, का बुवा जावईबापू, चुकलं आमचं. हर्षा, ऊठ. गाडीत बस.

सदाशिवराव : हर्षा, बाई, मी... तू म्हणशीन तसं. मी घाई केली असन तर सांग. तुले त्याच घरात राहा लागते.

निकेश : ऐकलं? ढिले पडले लगेच. चल.

ताराचंद : काकाजी, टेम्पो पाठवू का राहू देऊ? डायवर विचारून राह्यला.

निकेश : राहू द्या म्हणून सांगा त्याले. हर्षा, मी तिसऱ्या डाव सांगत नाई.

हर्षा : ताराचंदभाऊ, त्या टेबलाचं वरचं रेग्झिन नाजूक हाय. दोरीनं बांधलं तर फाटते. रस्ताभर कोणाले तरी धरून बसा लागन. मी बसीन टेम्पोत.