बिनतेलाचं उद्घाटन

हॅलो? … हां, जय ख्रिस्त, जय ख्रिस्त. बोल स्टेला. … काय? मोठ्यानं बोल, इथं म्हशी वरडत्यात. … अगं घोडेगावात! बाजार हाय ना आज. काळी-पिवळी जागची हालंना. पुढं टेम्पो, मागं टेम्पो, खिडकीतनं एका म्हशीनं तोंड आत घातलंय… तू काय म्हणत हुतीस?

… कशाचं उद्घाटन? … आत्ता?

थांब. थांब, थांब. उद्घाटन चारला हाय. पत्रिका तूच टाईप केलीस ना शाळेच्या ऑफिसात बसून? चारला! … पाहुण्यांना दुसरीकडं जायचंय म्हणून बाराला? मग मला कुणी सांगायचं? मी त्या मशीनची ऑपरेटर हाय, का मशीनवरचं कव्हर?

… ऐक. नीट ऐक, चेहरा हसरा ठेव, कुणाला कळू देऊ नको. मशीनमधे तेल न्हाई.

… पेट्रोल न्हाई म्हणत मी! पेट्रोल काठोकाठ हाय. इंजिनातलं ऑईल. सकाळी सातला मी काढलं, थेंब न् थेंब. नवं तेल आन् फिल्टर नेवाशात मिळंना म्हणून नगरला गेल्ते. डबा माझ्या मांडीवर हाय. … आता कुणी चावी फिरवली तर दोन-चार मिनिटं गुरगुरंल आन् तिथंच बसंल. इंजिन जाम. नवं कोरं, बसून गवत कापायचं मशीन, तालुक्यात एकमेव, भंगारात!

… का काढलं म्हणजे? तू पण काकासाहेबांसारखंच विचारती व्हय? माझे तीन अर्ज कुणी आवक केले? शिक्के तूच मारले. मशीनबरोबर आलेल्या पुस्तकात छापलंय, नव्या इंजिनाचं तेल पहिल्या पाच तासांनी बदला, पुढं दर पन्नास तासांनी. आन् अध्यक्ष म्हणून काकासाहेबांचा शेरा काय आला? सांग, तुला पाठ हाय. … हां. ‘नव्या यंत्राचे तेल बदलणे म्हणजे देणगीदारावर अविश्वास दाखविणे.’ घ्या! लग्नातल्या नवरीला आंघोळ घालू नका, सासरच्यांचा अपमान व्हतो!

… पाच तास कवाच गेले, बाई. मीटर तेवीस दाखवतंय. तेवीस! आन् गवताची काडी कापली न्हाई अजून. … कुठं गेले? कानिफनाथ शिपाई महिनाभर रोज सकाळी अर्धा तास चालू करून ठेवतो, ‘इंजिनाला थंडी वाजू नये’ म्हणून. काकासाहेब त्याच्यावर बसून ह्याच बाजारात दोनदा येऊन गेले, पाच किलोमीटर, मागं बँड. इथल्या व्यापाऱ्यानं वाकून खालची पाती बघितली, म्हणला, दात तर नवे हायेत, दूध किती देतं? परत त्यांच्या पुतणीची, संस्कृतीची वरात. नवरा-नवरी मशीनवर आन् नवरीचा शालू चाकात. तो शालू सोडवायला दीड तास, आन् दीड तास इंजिन चालू! बंद केलं तर अपशकुन!

… पाटी लावली हुती मी! स्टिअरिंगला, लाल अक्षरांत. ‘तेल नाही. चालू करू नये.’ … काय झालं तिचं? … कानिफनाथनं काढली? का पण? … ‘नव्या वस्तूवर नाही हा शब्द नको’? … आन् त्या जागी लिंबू-मिरची बांधली. बरोबर हाय. इंजिन लिंबाच्या रसावर चालंल.

… बरं, आता काय चाललंय तिथं? … नारळ झाला. … पास्टरसाहेबांची प्रार्थना? देव पावला! त्यांना सांग, लांबवा. … झाली? आमेन पण झालं? रविवारी तासभर आमाला डोळे उघडू देत न्हाईत, आन् आज दोन मिनिटांत आमेन?

… मैदानात काय पसरलंय? … हिरवं? स्टेला, आपल्या मैदानात मुरूम हाय. दगड उगवतो तिथं, गवत न्हाई. … लसूणघास? गुरांचा? टेम्पोभर? … कापलेला घास आणून पसरलाय, मशीननं परत कापायला? … ‘फोटोत हिरवं दिसतं.’ … ए, सरक गं! … तुला न्हाई, म्हशीला. घासाचं नाव काढलं तर अजून आत घुसली.

अगं ऐक ना, रडू नको. तू रडाय लागली तर मी काय करू? माझी नोकरीची सहा महिन्यांची ऑर्डर आज संपती. कायमचा कागद आज त्याच स्टेजवर देणार हायेत, ठाऊक हाय ना तुला? इंजिन बसलं तर नाव कुणाचं? ज्यानं शेरा मारला त्याचं? न्हाई. ऑपरेटरचं. … चावी कुठाय? … ताटात. कुंकू, अक्षता आन् चावी. ताट कुणाच्या हातात? … लीना मॅडमच्या. हेडबाईच हायेत त्या, सांग कानात. पळ. …

… सांगितलं? काय म्हणल्या? … ‘कार्यक्रमानंतर बघू.’ मढं झाकून पेरणी करायची रीतच हाय आपली!

… मग पुढचं झाकण उचल. आत काळी रबरी टोपी हाय, प्लगवरची. ओढून काढ, बास, मग चालूच व्हायचं न्हाई. … झाकणावर हार? किती? … अकरा. आन् मधोमध काकासाहेबांचा फोटो, चिकटपट्टीनं. … न्हाई, तो तू काढायची न्हाईस. तुला मी लहानपणापासनं वळखते.

… कोण उठलं? … काकासाहेब? मशीनकडं चालले? … स्टेला, सीटवर बस. … तू. तूच! पदर खोच आन् बस, त्यांच्या आधी. … काय व्हईल ते व्हईल! पळ! …

… बसलीस? … बसलीस! शाब्बास माझी वाघीण! … आता बसून राहा. … काय म्हणत्यात? … ‘लिपिक बाई, खाली उतरा, महिलादिन मार्चमधे असतो.’ … उतरू नको! … माईक? मॅडमनी तुझ्या हातात माईक दिला? मनोगत म्हणून? … अगं मग फोन धर ना त्याला! धर!

हॅलो… नमस्कार. आदरणीय काकासाहेब, पाहुणे, लीना मॅडम. मी कृपा बोलते आहे, यंत्रचालक. घोडेगावातून. मशीनमध्ये तेल नाही. तेल मी काढलं आहे. परवानगी नव्हती, तरी काढलं. … मागं कोण हसतंय? हसू नका. गिरणीवाल्या कडूबाई पुढं बसल्या आहेत का? … मावशी, गिरणीच्या दगडाला छिन्नीनं टाकी लावली की पहिलं दळण घरी कोण नेतं? … कुणीच न्हाई ना? दगडाची कच येती पिठात. खाल्लं तर दाताखाली करकर. नव्या इंजिनाचं तसंच हाय. लोखंडावर लोखंड घासतं, त्याची कच तेलात उतरती. ते तेल मी बाटलीत भरून शेडमधे ठेवलंय, उन्हात धरा, चमकी दिसंल. तेवीस तास तुमी ती चमकी इंजिनाला पाजली. काकासाहेब, देणगीदारावर तुमचा विश्वास हाय, लई चांगलं हाय, पण लोखंडाला विश्वास कळत न्हाई. हवेच्या फिल्टरमधे अख्ख्या बाजाराची धूळ बसलीये, ती झटकायची. पात्यांचे नट आवळायचे. सीटवरचं प्लास्टिक काढायचं, वळणावर तुमी घसरता, सगळं गाव बघतं, बोलत कुणी न्हाई. मी पोचते. पोचल्यावर दहा मिनिटांचं काम हाय. तवर चावी फिरवू नका. आन् फिरवायचीच आसंल, तर ज्यानं फिरवली त्यानं नंतर माझं नाव घेऊ नये. झालं.

… स्टेला? … काय झालं? … कडूबाई उभी राहिली? काय म्हणली? … ‘पोरगी खरं बोलती, मेल्यांनो.’ … आन् काकासाहेब? … चावी ताटात ठेवली? परत ताटात? … देवबापा, तुझी स्तुती असो!

… मग थांबणार ना आता? … न्हाई? … ढकलणार? कोण? … बारा शिक्षक. … गणिताचे पुढं, मराठीचे मागं. आन् काकासाहेब वर बसून. … व्हय, तसं चालंल, पण मागचा छोटा दांडा आधी ओढायला पाहिजे, त्याशिवाय चाकं सुटत न्हाईत. … ओढला? … सुटली. … चाललं का घासावरनं? … फोटो काढत्यात. काढू दे. इंजिन वाचलं, मला काय.

… पाहुणे काय म्हणले? … ‘आवाज नाही, धूर नाही, किती शांत यंत्र.’ … आन् काकासाहेबांनी माईक घेतला? वर बसूनच? … सांग ना. … ‘यापुढं संस्थेत यंत्र असंच चालेल.’ … तेल न्हाई, पेट्रोल न्हाई, मीटर पळत न्हाई. शिक्षकांना व्यायाम. …

… आन् पुढं? अडखळू नको, बोल. … ऑपरेटरची गरज उरली न्हाई. … अस्सं. … माझा कागद? … दिला? कुणाला? … कानिफनाथला? कशाबद्दल? … ‘ढकलण्याचे नियोजन.’

… न्हाई गं. रडत न्हाई मी. … हसत पण न्हाई. … काय करू सांग? बारा पदवीधर एक बंद मशीन ढकलत्यात आन् त्यातल्या एकाला वाटंना की थांबावं, तिथं मी काय करू?

… थांब. मैदान कुणीकडं उतरतंय? … ऑफिसकडं ना? … आन् तो दांडा ओढलेलाच हाय अजून? … मग आता इंजिन चाकं धरत न्हाई, फक्त ब्रेक धरतो. काकासाहेबांनी ब्रेक कधी दाबलाच न्हाई. चालू कानिफनाथ करून द्यायचा, आन् पाय उचलला की मशीन आपोआप थांबायचं. आज थांबायचं न्हाई. … सांगितलंय का त्यांना कुणी? … न्हाई? … मग मी तरी का सांगू? मी कोण? माझी काय ऑर्डर हाय?

… जोरात म्हणजे किती जोरात? … शिक्षकांनी हात सोडले?

अगं डावा पाय! त्यांना ओरडून सांग, डावा पाय दाबा! पूर्ण! … माईक घे! … वर बसलेत त्यांच्याकडंच हाय माईक? मग तशीच वरड! डावा! … कुठला दाबत्यात? … तो उजवा हाय, स्टेला, तो उजवा…

हॅलो? … हॅलो?

… ओ ड्रायव्हरदादा, दार उघडा. … पळत जाते. … व्हय, पाचच किलोमीटर हाय. तेल घालायचं राहिलंय अजून.