ताठ शिक्का

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या विमा कंपनीचे प्रमुख माननीय त्सुकुमो साहेब, व्यासपीठावरील संचालक मंडळी, ज्यांना निरोप द्यायला आपण ओसाकाच्या या सभागृहात जमलो ते कुरामोची साहेब, वहिनी, आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

कुरामोची साहेबांच्या हाताखाली मी एकोणीस वर्षं विम्याचे हप्ते ठरवायचं काम केलं. गणित मला येत होतं, माणसं वाचायला त्यांनी शिकवलं. निदान मागच्या वर्षापर्यंत मी तसं सगळ्यांना सांगत असे.

आपल्याकडे सहीऐवजी प्रत्येकाचा स्वतःच्या नावाचा शिक्का चालतो, आणि कागदावर साहेबांचा शिक्का डावीकडे असतो. हाताखालच्याने आपला शिक्का त्या बाजूला किंचित झुकवून मारायचा, मान लववल्यासारखा. मला ते कधी जमलं नाही. साहेब चहा पिता पिता म्हणायचे, "इसोगाईबाई, तुमचा शिक्का भारीच ताठ हो. मान आखडलीय का त्याची?" सगळे हसायचे, मीही हसायचे.

ऑनलाइन फसवणुकीचा घरगुती विमा आठवतो ना? मी महिना चारशे ऐंशी येन हप्ता काढला होता. साहेब म्हणाले, "तीनशे नव्वदच्या वर कोण घेणार तो?" मी म्हटलं, "साहेब, म्हातारी माणसं भामट्यांच्या बोलण्याला भुलून स्वतःच्या हाताने पैसे पाठवतात. ते वगळलं तर हप्ता उतरेल, पण मग विमा कशाचा?" साहेब म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

पुढच्या आठवड्यात आईच्या ऑपरेशनसाठी मी रजा घेतली. शिक्का साहेबांकडे ठेवून गेले. विश्वासाच्या माणसाकडे आपण सगळेच ठेवतो, नाही का? परतले तर विमा तीनशे नव्वदला बाजारात निघालेला. "फरक कंपनी सोसेल," साहेब म्हणाले. मी कागद उघडूनही पाहिला नाही. ती चूक माझी.

माझ्या शब्दावर तोमिए मावशीने तो विमा घेतला. यंदाच्या वसंतात पोलिसाचा गणवेश घातलेला एक माणूस तिच्याशी फोनच्या पडद्यावर बोलला, आणि चौकशी होईपर्यंत म्हणून तिने आयुष्यभराची शिल्लक त्याच्या खात्यात टाकली. दावा नामंजूर झाला. स्वतःच्या हाताने पाठवलेले पैसे विम्यात बसत नाहीत म्हणे. मावशी भांडली नाही. एवढंच म्हणाली, "अगं, त्या कलमावर तुझाच शिक्का आहे असं सांगितलं त्यांनी. मला आधी सांगायचंस गं."

मी फाइल काढली. शिक्का माझाच होता, आणि साहेबांच्या शिक्क्याकडे छान झुकलेला होता. जो मान मी इतकी वर्षं दिला नाही, तो साहेबांनी माझ्या शिक्क्याकडून स्वतःच वसूल केला होता. मला ते फार लागलं. आजही लागतंय.

अध्यक्ष महोदय, ते पान आणि ताठ शिक्क्याचे माझे जुने कागद मी आपल्यासमोर ठेवते. ते कलम आणि मावशीचा दावा, दोन्ही पुन्हा तपासा, एवढंच मागणं आहे.

साहेब, जे शिकवलंत त्याबद्दल मनापासून आभार. निरोपाच्या दिवशी असं बोलले, ते आयोजकांनी आणि वहिनींनी पोटात घालावं. मावशी माझ्या आग्रहाखातर मागच्या रांगेत येऊन बसली आहे. मावशी, तो शिक्का मी मारला नव्हता गं.