बाप्पादाची ओरिजिनल रेस

अरे, बाप्पादाचं सांगितलं का तुम्हाला? कोलकात्याच्या बेहाला भागातला आमचा शेजारी. गल्लीतल्या क्लबच्या फळ्यावर गेमिंगचे रेकॉर्ड तोच लिहितो. मी नव्या कन्सोलवर जुनी रेसिंग गेम खेळून पहिला आलो, तर म्हणाला, "धुर! नवं मशीन जुन्याची नुसती नक्कल करतं. हे धरायचं नाही." आणि माझं नाव पुसलं.

मग मी काय केलं, बंद पडलेला जुना कन्सोल टीव्हीखाली मांडला, नवा मागे लपवला आणि जुना कंट्रोलर कन्व्हर्टर लावून नव्यालाच जोडला. बाप्पादाला खेळायला बोलावलं.

"बघ, गाडी कशी वळते! याला म्हणतात ओरिजिनल! नव्यात ही मजाच नाही," तो खेळता खेळता म्हणाला. आणि पठ्ठ्याने चक्क स्वतःचा रेकॉर्ड मोडला. "चल, फळ्यावर लिहू!"

मी जुन्या कन्सोलचा प्लग उचलून त्याच्या हातात दिला. कुठेच लावलेला नव्हता. मग मागचा नवा दाखवला.

बाप्पादाने प्लग खाली ठेवला. मग म्हणाला, "तसं बघितलं तर, गेम तीच आहे ना रे? धरायला हरकत नाही."

"धरू की, दादा. पण मग माझीही धरावी लागेल. आणि माझा टाइम तुझ्यापेक्षा कमी आहे."